२७ वर्षांचे युद्ध : टप्प्यांच्या रेषा कुठे ओढायच्या?

१/
इ.स. १६८१ ते १७०७ हा मोगल-मराठा युद्धाचा काळ आपण बहुधा तीन भागांत शिकतो : छत्रपती संभाजी महाराज, छत्रपती राजाराम महाराज आणि महाराणी ताराबाई. पाठांतरास ही विभागणी सोयीची आहे. परंतु ती राजवटींची विभागणी आहे, युद्धाची नव्हे. दीर्घ युद्धाचे टप्पे लष्करी इतिहासकार कोणत्या कसोट्यांवर पाडतात आणि त्या कसोट्या लावल्यावर हे युद्ध कसे दिसते, याविषयी आजचा धागा. विषय मोठा आहे, म्हणून धागाही लांबला आहे.

२/
आरंभी थोडे दूरचे उदाहरण. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातील पेलोपोनेशियन युद्धही योगायोगाने २७ वर्षांचेच होते : इ.स.पू. ४३१ ते ४०४. मध्यंतरी इ.स.पू. ४२१ मध्ये तह झाला. मग हे युद्ध एक की दोन? त्या युद्धाचा समकालीन इतिहासकार थ्युसिडिडीस याने ते एकच धरले. तहाच्या वर्षांतही दोन्ही पक्ष परस्परांस इजा करीतच होते, म्हणून त्या काळास शांतता म्हणता येणार नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. म्हणजे कागदावर काय झाले यापेक्षा प्रत्यक्षात काय चालले होते, ही त्याची कसोटी होती.

३/
दुसरे उदाहरण इंग्लंड-फ्रान्समधील शतवार्षिक युद्धाचे, १३३७ ते १४५३. त्याचे तीन टप्पे इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड, फ्रान्सचा राजा पाचवा चार्ल्स आणि इंग्लंडचे लँकास्टर घराणे यांच्या नावांनी ओळखले जातात. वरवर पाहता ही राजवटींचीच विभागणी वाटते. तथापि सीमा पाहा : १३६० चा तह, १३६९ मध्ये पुन्हा पेटलेले युद्ध, १३८९ ची युद्धबंदी, १४१५ ची इंग्रजांची नवी स्वारी. नाव राजाचे असले तरी रेषा युद्धातील घटनेवर ओढलेली आहे. आपल्याकडे मात्र नाव आणि रेषा दोन्ही राजांकडूनच घेतली जातात.

४/
मग टप्पा म्हणजे नेमके काय? लढाई एका दिवसाची वा काही दिवसांची असते. एका हेतूने केलेल्या हालचाली, वेढे आणि लढाया मिळून मोहीम होते. अनेक मोहिमांचे स्वरूप समान असते तोवर टप्पा एक. ते बदलले की टप्पा बदलला. हा बदल ओळखण्यासाठी चार प्रश्न उपयोगी पडतात :
• लढणाऱ्यांचे उद्दिष्ट बदलले का?
• मुख्य रणक्षेत्र बदलले का?
• लढण्याची पद्धत आणि तिला लागणारी रसद-पैशाची व्यवस्था बदलली का?
• पुढाकार एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेला का?

५/
आपल्याकडे राजवटवार विभागणी का रुळली, याचे कारण साधनांतही आहे. साकी मुस्तैदखानाचा ‘मआसिर-इ-आलमगिरी’ औरंगजेबाच्या राज्यवर्षांनुसार रचलेला आहे. आपल्या बखरी छत्रपतींच्या कारकिर्दींभोवती फिरतात. रियासतकार सरदेसाईंच्या ‘मराठी रियासती’तही संभाजी, राजाराम, शाहू अशी व्यक्तिनिष्ठ ग्रंथनामे आहेत. याउलट न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० च्या आपल्या ग्रंथात अराजकातून व्यवस्था कशी निर्माण झाली, जिंजी कशी लढविली गेली, अशा प्रश्नांभोवती प्रकरणे बांधली. म्हणजे दुसरी वाट आपल्याच परंपरेत उपलब्ध होती.

६/
पहिला वाद आरंभाचाच आहे. ‘मराठ्यांचे स्वातंत्र्ययुद्ध’ काही अभ्यासक १६८९ पासून मोजतात, काही १६८१ पासून. फरक केवळ आठ वर्षांचा नाही. १६८९ पासून मोजले की संभाजी महाराजांची कारकीर्द युद्धाची प्रस्तावना ठरते आणि त्यांचा मृत्यू हे युद्धाचे कारण ठरते. १६८१ पासून मोजले की तीच कारकीर्द युद्धाचा पहिला भाग ठरते, आणि पुढे जे टिकले त्यातील काही श्रेय त्या आठ वर्षांच्या झुंजीस द्यावे लागते. रेषा कुठे ओढली यावर श्रेय कोणाच्या पदरात पडते हे अवलंबून असते.

७/
आता कसोट्या लावून पाहू.
पहिला टप्पा : १६८१ ते १६८४.
१६८१ च्या आरंभी मराठ्यांनी बुऱ्हाणपूर लुटले. त्याच वर्षी शहजादा अकबर बापाविरुद्ध बंड करून संभाजी महाराजांच्या आश्रयास आला. औरंगजेब सप्टेंबरमध्ये अजमेरहून निघाला आणि नोव्हेंबरमध्ये बुऱ्हाणपुरास पोहोचला. या टप्प्यात त्याचे उद्दिष्ट दुहेरी होते : बंडखोर पुत्रास पकडणे आणि त्यास आश्रय देणाऱ्यास चिरडणे. रणक्षेत्र नाशिक-बागलाणपासून कोकणापर्यंत पसरलेले होते.

८/
या टप्प्यात मोगलांच्या हाती फारसे लागले नाही. १६८२ मध्ये नाशिकजवळील रामसेजला शहाबुद्दीनखानाने वेढा घातला. तो लहानसा किल्ला वर्षानुवर्षे झुंजत राहिला. शहजादा मुअज्जम दक्षिण कोकणात उतरला आणि १६८४ मध्ये उपासमार व रोगराईने खंगलेले सैन्य घेऊन घाट चढून परतला. दरम्यान संभाजी महाराज जंजिऱ्याच्या सिद्दीशी आणि १६८३ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीजांशी लढत होते. म्हणजे पुढाकार पूर्णतः मोगलांकडे नव्हता. (शहाबुद्दीनखानाचे नाव ध्यानात ठेवा, तो या धाग्यात पुन्हा भेटेल.)

९/
दुसरा टप्पा : १६८५ ते १६८७.
राजवटवार विभागणीत हा टप्पा दिसतच नाही, कारण छत्रपती तेच आणि बादशहाही तोच. परंतु युद्ध बदललेले आहे. औरंगजेबाने मुख्य सैन्य आदिलशाही आणि कुतुबशाहीवर वळविले. सप्टेंबर १६८६ मध्ये विजापूर पडले, सप्टेंबर १६८७ मध्ये गोवळकोंडा. अकबर १६८७ च्या आरंभी समुद्रमार्गे इराणकडे निघून गेला होता. उद्दिष्ट बदलले, रणक्षेत्र बदलले, आणि मराठ्यांविरुद्धची आघाडी तात्पुरती दुय्यम झाली.

१०/
हा टप्पा वेगळा काढला नाही तर पुढचा टप्पा उमगत नाही.
तिसरा टप्पा : १६८७ ची अखेर ते १६८९ ची अखेर.
दोन्ही शाह्या संपल्याने मोगल फौजा मोकळ्या झाल्या आणि त्या शाह्यांचे अनेक सरदार मोगलांच्या चाकरीत आले. डिसेंबर १६८७ मध्ये वाईजवळ सरसेनापती हंबीरराव मोहिते पडले. १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरी संभाजी महाराजांना पकडणारा मुकर्रबखान हा मूळचा शेख निजाम, कुतुबशाहीचा सरदार. संगमेश्वरचा प्रसंग आपण फितुरीच्या चर्चेतच गुंडाळून टाकतो. त्यामागे गोवळकोंड्याचा पाडाव उभा आहे, हे क्वचित सांगितले जाते.

११/
११ मार्च १६८९ रोजी संभाजी महाराजांची हत्या झाली. एप्रिलमध्ये राजाराम महाराजांनी रायगड सोडला. नोव्हेंबरात रायगड पडला. महाराणी येसूबाई आणि बालशाहू मोगलांच्या कैदेत गेले. येथे टप्पा निश्चित बदलतो. परंतु कारण ‘राजा बदलला’ हे नाही. राजधानी गेली, खजिना गेला, एका ठिकाणाहून राज्य चालविणेच अशक्य झाले. पुढे जे युद्ध झाले ते वेगळ्या साधनांनी झाले.

१२/
चौथा टप्पा : १६९० ते १६९८.
आता रणक्षेत्रे दोन झाली. दक्षिणेस जिंजी, जिला झुल्फिकारखानाने १६९० मध्ये वेढा घातला आणि जी १६९८ मध्ये पडली. आणि इकडे महाराष्ट्र, जेथे रामचंद्रपंत अमात्य व शंकराजी नारायण यांनी कारभार आणि किल्ले सांभाळले. दोहोंच्या मध्ये संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांच्या फौजा मोगलांच्या रसदेवर आणि खजिन्यावर तुटून पडत होत्या. १६९५ च्या अखेरीस दोड्डेरी येथे संताजींनी कासिमखानाच्या फौजेची कोंडी केली. पुढल्याच जानेवारीत हिंमतखान त्यांच्याशी लढताना मारला गेला.

१३/
या टप्प्यात उद्दिष्टही बदलले, याचा कागदी पुरावा आहे. जून १६९१ मध्ये राजाराम महाराजांनी हणमंतराव घोरपडे यांना सरंजामाचे आश्वासन दिले. त्यातील हिस्से कोणकोणत्या विजयांनंतर मिळणार होते? रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद, आणि सर्वांत शेवटी दिल्ली. स्वतःची राजधानी हातात नसताना हे लिहिले गेले आहे. केवळ बचावाचे युद्ध लढणारी सत्ता असा क्रम लावीत नाही. युद्धखर्चाची व्यवस्थाही येथे बदलली : रोख पगाराऐवजी जिंकायच्या मुलखाचा वायदा. सरदारांची सत्ता पुढे का वाढली, त्याचे एक मूळ येथे आहे.

१४/
पाचवा टप्पा : १६९९ ते १७०५.
ऑक्टोबर १६९९ मध्ये औरंगजेब भीमेकाठच्या ब्रह्मपुरीच्या छावणीतून स्वतः किल्ले घेण्यास निघाला. सातारा (एप्रिल १७००), परळी (१७००), पन्हाळा (१७०१), विशाळगड (१७०२), सिंहगड (१७०३), राजगड आणि तोरणा (१७०४), वाकिनखेडा (१७०५). यांतील बरेच किल्ले किल्लेदारांशी वाटाघाटी करून, रकमा मोजून मिळाले. आणि त्यांपैकी अनेक मराठ्यांनी बादशहाच्या हयातीतच परत घेतले.

१५/
आता राजवटवार रेषा या टप्प्यावर ठेवून पाहा. साताऱ्याचा वेढा डिसेंबर १६९९ मध्ये सुरू झाला. २ मार्च १७०० रोजी राजाराम महाराज सिंहगडावर निवर्तले. एप्रिलमध्ये सातारा पडला आणि मोहीम तशीच पुढे परळीकडे सरकली. म्हणजे ‘राजाराम’ आणि ‘ताराबाई’ यांमधील रेषा एका चालू वेढ्याच्या मधोमध पडते. उद्दिष्ट, रणक्षेत्र, पद्धत, यांपैकी काहीही त्या दिवशी बदलले नाही. याचा अर्थ ताराबाईंचे कर्तृत्व कमी, असा मुळीच नाही. राजाच्या मृत्यूने युद्ध खंडित झाले नाही, हेच ते कर्तृत्व. आणि रेषा तेथे ओढली की नेमके तेच झाकले जाते.

१६/
या टप्प्यात आणखी एक गुंतागुंत आहे. एकाच वेळी दोन पक्ष दोन वेगवेगळी युद्धे लढत होते. बादशहा सह्याद्रीतील किल्ल्यांचे युद्ध लढत होता. मराठे वऱ्हाड, खानदेश, माळवा, गुजरात येथे विस्ताराचे. खाफीखान लिहितो की, ताराबाईंच्या काळात मराठ्यांनी बादशाही मुलखात आपले सुभेदार, कमाविसदार आणि राहदार नेमले. लूट करून परतणे आणि वसुलीचा अधिकारी ठेवून जाणे, ही दोन भिन्न युद्धे आहेत. किल्ल्यांची यादी पाहिली तर मोगल जिंकताना दिसतात. वसुलीची व्यवस्था पाहिली तर चित्र उलटे दिसते.

१७/
अखेरचा भाग लहान आहे : १७०५ ते १७०७. वाकिनखेड्यानंतर आजारी, वृद्ध बादशहाची छावणी मराठ्यांच्या हल्ल्यांना तोंड देत अहमदनगरकडे माघारी आली. १७०६ मध्ये गुजरातेत रतनपूर येथे धनाजी जाधवांनी मोगलांचा मोठा पराभव केला. ३ मार्च १७०७ रोजी औरंगजेब अहमदनगरजवळ मरण पावला. पुढाकार कोणाकडे आहे हे एव्हाना दोन्ही पक्षांना ठाऊक होते.

१८/
आता हेच युद्ध समुद्रपूरहून पाहू. वर्धा जिल्ह्यातील हा माझा तालुका. त्या काळी हा पट्टा दोन सत्ताक्षेत्रांच्या सीमेवर होता. एकीकडे मोगलांचा वऱ्हाड सुभा, ज्यातील एका सरकारचे मुख्य ठिकाण आपले पवनार; दुसरीकडे उत्तरेस देवगडचे आणि दक्षिणेस चांद्याचे गोंड राज्य. वऱ्हाडास मराठी घोडदळ अपरिचित नव्हते; शिवाजी महाराजांच्या काळात, १६७० मध्ये, कारंजा लुटले गेले होते. परंतु ती स्वारी होती. वर सांगितलेल्या पहिल्या तीन टप्प्यांत हा मुलूख मुख्य रणक्षेत्राबाहेरच राहिला.

१९/
युद्ध इकडे आले ते शतक बदलताना. देवगडचा बख्तबुलंद १६८६ मध्ये औरंगजेबाच्या दरबारी जाऊन, इस्लाम स्वीकारून राज्य मिळवून आला होता. पुढे तो पदच्युत झाला, आणि शतकाच्या अखेरीस बंड करून त्याने मराठ्यांशी संधान बांधले. ‘बख्तबुलंद’ म्हणजे थोर भाग्याचा. बादशहाने चिडून त्याचे नाव ‘निगूनबख्त’, म्हणजे फुटक्या नशिबाचा, असे लिहिण्याची आज्ञा केली. नागपूर शहर वसविण्याचे श्रेय दिले जाते ते याच राजाला. याच सुमारास राजाराम महाराजांनी वऱ्हाड-गोंडवनाकडील कामगिरी परसोजी भोसल्यांकडे सोपविली.

२०/
१७०३ मध्ये नेमाजी शिंदे वऱ्हाडात शिरले, मोगलांचा तेथील नायब रुस्तमखान याला त्यांनी कैद केले आणि नर्मदा ओलांडून ते माळव्यात गेले. रुस्तमखान ज्याचा नायब होता तो वऱ्हाडचा सुभेदार म्हणजे गाजीउद्दीनखान फिरोजजंग : रामसेजला वेढा घालणारा शहाबुद्दीनखान तो हाच. १६८२ मध्ये तो मराठ्यांच्या किल्ल्याखाली छावणी देऊन बसला होता. २१ वर्षांनी त्याच्याच सुभ्यात शिरून मराठे त्याच्या नायबाला धरून नेत होते. पुढाकाराची दिशा किती फिरली, हे या एका अधिकाऱ्याच्या नोकरीवरूनही मोजता येते.

२१/
म्हणून शेवटाचे वर्षही जागेनुसार बदलते. अहमदनगरहून पाहिले तर युद्ध १७०७ मध्ये संपते. वऱ्हाडातून पाहिले तर १७१९ अधिक महत्त्वाचे, कारण त्या वर्षीच्या सनदांनी दख्खनच्या ६ सुभ्यांची चौथाई मराठ्यांना मिळाली आणि त्यांत वऱ्हाड होते. नागपूर-देवगडहून पाहिले तर १७३९ कडे यावे लागते. त्या वर्षी देवगडचा राजा चांदसुलतान वारला, वारशाचा तंटा उभा राहिला आणि त्या निमित्ताने रघूजी भोसल्यांचा तेथे शिरकाव झाला. साताऱ्याच्या कथनात ज्यास उपसंहार म्हणतात, तेथून आमच्या भागाचा मराठा कालखंड सुरू होतो.

२२/
एक सावधगिरी. टप्पे मागाहून पाडलेले असतात. १९३८ मध्ये माओने दीर्घ युद्धाचे बचाव, कोंडी आणि प्रतिचढाई असे तीन टप्पे युद्ध चालू असतानाच मांडले होते. ती योजना होती. मराठ्यांच्या युद्धालाही हा साचा बरा बसतो, म्हणून तो लावण्याचा मोह होतो. पण तसे केल्यास जिंजीचा काळ ही आधीच ठरविलेली ‘कोंडी’ होती असा भास निर्माण होतो. १६९० मध्ये जिंजीत बसलेल्या कोणालाही पुढे काय होणार हे ठाऊक नव्हते. तेथे दाखविलेल्या धैर्याची किंमत या अनिश्चिततेमुळेच आहे.

२३/
राजवटवार विभागणी टाकून द्यावी, असे माझे म्हणणे नाही. राज्यकारभार, वारसा, दरबार यांच्या इतिहासासाठी ती आवश्यकच आहे. युद्धाच्या इतिहासासाठी मात्र ती अपुरी पडते : १६८५-८७ चा टप्पा तिच्यात हरवतो, १७०० मध्ये नसलेली रेषा ती ओढते आणि वऱ्हाड-गोंडवन तिच्या नकाशावर येतच नाही. परीक्षेत ‘टप्पे सांगा’ असा प्रश्न आला तर कसोटी कोणती हे एका वाक्यात आधी लिहावे. उत्तर वेगळे निघाले तरी ते तपासता येते.

२४/
आणि या साऱ्या टप्प्यांना छेदून जाणारी कालगणनाही असते. येसूबाई १६८९ मध्ये रायगडावर कैद झाल्या. स्वराज्यात परतल्या त्या १७१९ मध्ये. त्यांच्यापुरते हे युद्ध १७०७ मध्ये संपले नव्हते, आणि पुढची १२ वर्षे कोणत्याच टप्प्यात मोडत नाहीत.

आपल्या तालुक्यात हे युद्ध कोणत्या वर्षी आले आणि केव्हा थांबले, याची एखादी कागदोपत्री नोंद ठाऊक असल्यास खाली अवश्य लिहा. खानदेश आणि बागलाणातील वाचकांकडून विशेष अपेक्षा आहे.